सरांची अंडी आणि माझा आवळा

आयुष्यात दारूचा एक थेंब जिभेला न लावता नळदुर्गातला सगळ्यात मोठा दारुडा म्हणून नाव कमावलेला माणूस मी एकच पाहिला. ते आमचे सर. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, शिडशिडीत, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारे. दर आठवड्याला ते देशीच्या दुकानासमोर उभे राहायचे, एक क्वार्टर घ्यायचे, चष्मा कपाळावर ढकलून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचे आणि मग ती बाटली सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून भर बाजारातून घरी जायचे. मी एकदा म्हणालो, "सर, पिशवीत तरी घाला." तर म्हणाले, "लपवायचं कशाला? मी थोडाच पिणार आहे?" त्या दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक जण घरी जाऊन बायकोला हेच वाक्य ऐकवतो, हे सरांना कोण सांगणार?

ती दारू अंड्यांसाठी असायची. आई पोटुशी असताना प्यायली तर पोटातल्या लेकराच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे सरांनी शिकवताना वाचलं होतं आणि तेव्हापासून त्या काळजीनं त्यांना धरलं होतं. जगातल्या सगळ्या न जन्मलेल्या लेकरांची जबाबदारी आपल्यावरच आहे, अशा चेहऱ्यानं ते फिरायचे. घरी स्वयंपाकघरात त्यांनी लाकडी खोक्यात बल्ब लावून अंडी उबवायची सोय केली होती. अंड्याला बारीक भोक पाडून काहींत पातळ केलेल्या दारूचा थेंब सोडायचे, काहींत दारू आणि आवळ्याचा रस, मग मेणानं भोक बुजवायचं आणि काही दिवसांनी उघडून आत पिल्लू कसं घडतंय ते पाहायचं. माझ्या ढाब्यावर चहा पिता पिता मला ते समजावून सांगायचे. "अण्णा, दारू शरीरात जळते तेव्हा ठिणग्या उडतात असं समजा. त्या पेशींना चटके देतात. आवळ्यात, द्राक्षात, डाळिंबात अँटिऑक्सिडंट असतात, ते त्या ठिणग्या विझवतात. कदाचित. थोड्याशा. निदान अंड्यात तरी."

हा 'कदाचित' त्यांच्या प्रत्येक वाक्यात असायचा. किती वाजले विचारलं तरी घड्याळाकडं बघून 'बहुतेक सव्वाचार' म्हणायचे. फक्त एका वाक्यात तो नसायचा. "पोटुशीनं दारू घ्यायची नाही. अजिबात नाही."

अंडी त्यांना गावरान लागत, आणि कोंबडीजवळ कोंबडा असलेल्या घरचीच लागत, कारण नुसत्या कोंबडीच्या अंड्यात पिल्लू धरत नाही. त्यामुळं सर दारोदार फिरून अतिशय आदबीनं विचारायचे, "मावशी, तुमच्या कोंबडीला कोंबडा आहे का?" अणदूरच्या एका विधवा म्हातारीनं उत्तर दिलं होतं, "कोंबडीला हाय, सर. मलाच न्हाय." सरांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि अंडी मांडीवर घेऊन एसटीत बसले. प्रत्येक खड्ड्याला ते अर्धवट उभे राहत, म्हणजे धक्का आपल्या पायांना बसावा, अंड्यांना नको. कंडक्टर वैतागून म्हणाला, "सर, ह्यांची पण अर्धी तिकिटं काढा, म्हंजी सीट देतो." लाईट गेली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. अंडी बायकोच्या शालीत गुंडाळून, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या रचून ते शेजारी बसून राहायचे. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "माझ्या दोन बाळंतपणात एवढा वेळ बसला न्हाईत."

एका दुपारी सर ढाब्यावर आले ते जवळजवळ हसत. आवळ्याचा रस घातलेल्या अंड्यांतली पिल्लं, नुसती दारू घातलेल्यांपेक्षा बरी दिसत होती. "पण कुणाला सांगू नका, अण्णा. परत करून पाहायचंय. आणि हे अंडं आहे, बाई नव्हे."

मी कुणाला सांगितलं नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. माझ्याकडं भाकऱ्या थापायला यमुना नावाची पोरगी होती. तिला पाचवा महिना होता. दिवसभर चुलीपुढं बसून कंबर धरते म्हणून ती रात्री नवऱ्याबरोबर थोडी घ्यायची. माझी बायको तिच्यावर लई ओरडली होती, आणि ती भ्यायलीही होती. बंदच केल्यासारखं होतं. त्या संध्याकाळी गिऱ्हाइकं भरलेली, मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "यमुने, आता भ्यायचं काम न्हाय. सरांनी शोध लावलाय. आवळा खाल्ला की दारू बाळापत्तूर जातच न्हाय." लोक हसले. एक ड्रायव्हर म्हणाला, "मग आमाला बी द्या की प्लेटीत दोन आवळे." यमुना तेवढी हसली नाही. ती सांगितलेलं खरं धरणारी पोरगी होती, आणि सर तर कॉलेजात शिकवलेले.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पदराला आवळकाठीची पुडी बांधलेली दिसू लागली. मला त्यातही गंमत वाटली. सरांनीच एकदा चहा घेता घेता विचारलं, "काय खातेस गं?" ती म्हणाली, "तुमचंच औषध, सर. आता घेतलं तरी काय होत न्हाय ना?" सरांच्या हातातली बशी कलली आणि चहा शर्टावर सांडला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. "हे कुणी सांगितलं तुला?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा यमुना माझ्याकडं बघत होती आणि मी टेबल पुसत होतो. मीच तिच्या आधी बोललो, "लोक काय सर, कुठून तरी ऐकतात."

मग ते गावभर झालं. पोटुशी बायांना हा म्हातारा आवळा खाऊन प्या म्हणतो, अशी बातमी पसरली. आरोग्यकेंद्रातल्या ताईंनी माझ्याच ढाब्यावर, माझ्याच देखत सरांना झापलं. "स्वतः पिता ते पिता, दुसऱ्यांच्या लेकरांचं वाटोळं कशाला करता?" सर मान खाली घालून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मी गल्ल्यावर होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. त्यानंतर बायांनी त्यांना अंडी द्यायची बंद केली. जे परत करून पाहायचं होतं ते राहूनच गेलं.

सरांनी मात्र दुसरंच काम अंगावर घेतलं. यमुना आवळ्याच्या भरवशावर पुन्हा घ्यायला लागली होती. रोज दिवेलागणीला, नेमक्या यमुनाच्या घरी बाटली निघायच्या वेळेला, ते ताकाची कासंडी घेऊन तिच्या दारात हजर व्हायचे. दगडावर बसायचे आणि अंड्यात हृदय आधी दिसतं की डोळा, हे सांगायला सुरुवात करायचे. यमुनाचा नवरा ढाब्यावर येऊन मला हात जोडायचा. "अण्णा, तेवढं सरांना आवरा. ते बोलाय लागले की चढलेली उतरतीया." शेवटी त्यानं सरांना सांगितलं, "सर, तुमी घरी जावा. म्या बी सोडतो, ती बी सोडंल." सर म्हणाले, "सोडा. पण मी येणार." आणि येत राहिले. यमुनानं एकदा चिडून विचारलं होतं, "आधी म्हनता चालतंय, मग म्हनता न्हाय. खरं काय धरावं मानसानं?" सर म्हणाले, "चुकलं माझं. आवळा खा, चांगलाच असतो. पण त्याच्या भरवशावर घेऊ नको." तिनं खरंच सोडली.

मुलगी झाली. सर दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. नर्स बाहेर आली तर विचारतात काय, "नाकाखाली, ओठाच्या वर, खळगी नीट दिसते का?" पिणाऱ्या आईच्या लेकरात ती कधी कधी सपाट असते म्हणे. नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण हिचे?" सर गोंधळले. "तसा कुणी नाही." खळगी होती. लेकरू छान होतं. मी सुटल्यासारखा हसलो, पण सर म्हणाले, "आता दिसत नाही, म्हणजे नाहीच असं म्हणता येत नाही, अण्णा. शाळेत गेल्यावर कळेल." ती पहिलीत गेली त्याच वर्षी सर गेले. काकू मला नंतर म्हणाल्या, "ती आवळ्याची गोष्ट त्यांनी तुमच्याशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. मलासुद्धा नाही." म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी ते रोज माझ्याकडं चहाला येत होते.

मागच्या आठवड्यात मी यमुनाला सांगितलं की सर तसं कधीच म्हणाले नव्हते, ते माझं तोंड होतं. तिनं परातीतला हात थांबवला. "म्हंजी सर म्हनलेच न्हवते? मग मला का म्हनले, चुकलं माझं?" तिनं पुन्हा पीठ मळायला घेतलं आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. आज बोलली, पण मिठाबद्दल.

यमुनाची पोरगी आता तिसरीत आहे. शाळा सुटली की ढाब्यावर येते आणि माझ्या नातवाशेजारी बसून पाढे म्हणते. सातच्या पाढ्यात मधेच थांबते, वर बघते, बोटांवर मोजते. मास्तर म्हणतात, सगळीच पोरं तिथं अडखळतात. माझा नातूही तिथंच अडखळतो, तेव्हा मी त्याला हसून पुढचा आकडा सांगतो. ती अडखळली की मात्र मी गल्ल्यावरचा हात थांबवून तिच्याकडं बघत राहतो, आणि ती पुढचा आकडा स्वतः म्हणेपर्यंत मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही.