कंबर हलवायची नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला हे हसत सांगता येणार नाही. चहा घ्या, खारी बुडवा, पण मध्येच कोणी "अरे, तुला एवढं साधं कळलं कसं नाही?" असं विचारू नका. तो प्रश्न आमच्या घरात अजून रोज विचारला जातो.

आमची सई अकरावीला आहे आणि सॉफ्टबॉल खेळते. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या मागेच मैदान आहे, तिथे परब मॅडम मुलींना शिकवतात. सईला उपनगरच्या संघात जायचं होतं. पोरीने कधी दुसरं काही मागितलंच नाही हो! वाढदिवसाला बॅट, दिवाळीला ग्लोव्ह. नवीन कपडे घे म्हटलं तर तोंड वाकडं.

आणि मी पडलो क्रिकेटवाला. ऑफिसच्या टीममधून बरीच वर्षं खेळलोय. कामावरून येताना मैदानावर डोकवायचो, जाळीमागे उभा राहायचो. पहिल्याच दिवशी बघतो तर काय, बॅट फिरवताना मुली अख्ख्या गरकन फिरतात! मागचा पाय वळतो, कंबर वळते, पोट थेट चेंडू टाकणारीकडे. म्हटलं, ही बॅटिंग आहे की फुगडी?

घरी आल्यावर सईला हॉलमध्ये उभी केली.

"हे बघ, डोकं स्थिर, अंग स्थिर. कंबर हलवायची नाही. सगळं काम हातांचं."

"पण बाबा, मॅडम म्हणतात कंबर आधी, हात नंतर."

"मॅडमचं बरोबरच असेल गं. पण पाया पक्का नको का?"

पाया म्हणजे नेमकं काय, ते मलाही माहीत नव्हतं. पण वाक्य जमलं होतं ना! सईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी जाळीमागे. सई बॅट घेऊन उभी राहिली की मी तळहात खाली दाबून खूण करायचो, स्थिर, स्थिर. ती खांबासारखी उभी राहायची आणि नुसते हात फिरवायची. चेंडू बॅटला लागायचा आणि घरंगळत समोरच्या मुलीच्या पायाशी जाऊन बसायचा. मी अंगठा दाखवायचो. वा! काय ते तंत्र!

निवड चाचणी जवळ आली तशा परब मॅडम वैतागल्या. एके दिवशी, नेमका मी नव्हतो तेव्हा, त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"सई, तुझी कंबर का वळत नाही गो? दगडासारखी उभी राहतेस ती?"

सई खाली बघत म्हणाली, "घरून सांगितलंय, कंबर हलवायची नाही."

आता सांगा, शिकवणाऱ्या बाईंना हे ऐकून काय वाटेल? त्यांच्या डोळ्यांसमोर थेट एक्स-रे! त्यांनी सईच्या हातातून बॅट काढून घेतली, तिला सावलीत बसवलं आणि माझ्या बायकोला, माधवीला फोन लावला. "ताई, मुलीला कंबर हलवायला मनाई आहे, मग खेळायला पाठवलीत कशी? काही झालं असतं तर?"

मी घरी पोचलो तेव्हा सई पलंगावर उताणी, माधवीचे डोळे लाल आणि शेजारच्या कांबळेकाकू तेल कोमट करून उभ्या.

"काय झालं?"

"सईच्या कंबरेत काहीतरी आहे. डॉक्टरांनी हलवायला मनाई केलीय. आणि पोरीने आपल्यापासून लपवलं!"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"तेही लपवलं!"

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला कळलं? अजिबात नाही! अकरावीची पोर, पुढे अख्खं आयुष्य पडलंय, आणि आत्ताच कंबर?

"आई, मला काही झालेलं नाहीये गं," सई म्हणाली.

"मग मॅडम खोटं बोलतात का?"

सईने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, कळ आली असेल. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "खूप दुखतंय का गं बाळा?"

तिने चादर डोक्यावर ओढून घेतली.

पुढे सगळीच वाट लागली. कुर्ल्याच्या मामाने कंबरेचा पट्टा पाठवला. सईची गादी काढून तिला जमिनीवर झोपवलं. तिने खाली पडलेलं पेन उचलायचं म्हटलं तरी तिघंतिघं धावायची. मॅडमनी सांगितलं, डॉक्टर ठीक आहे म्हणेपर्यंत मैदानात पाऊल नाही. आणि चाचणी आली रविवारवर.

शेवटी पश्चिमेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे शहा डॉक्टर. त्यांनी सईला वाकवली, वळवली, डावीकडे, उजवीकडे. ती झकास वळत होती.

"पोरगी रबरासारखी आहे. हिला कंबर हलवू नको म्हणून कोणी सांगितलं?"

सई जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबांनी."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी आदराने विचारलं, "तुम्ही पण डॉक्टर आहात?"

"नाही," मी म्हणालो. "अकाउंट्समध्ये आहे."

माधवीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

खाली रस्त्यावर आल्यावर मी सईला विचारलं, "मॅडम रोज सांगत होत्या, मग तसं का नाही खेळलीस गं?"

"तू जाळीमागे उभा असायचास ना बाबा," ती म्हणाली. "मी कंबर वळवली की तुझा चेहरा पडायचा."

मी रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. नाही हसल्या. मैदानावर पाणी मारायची बादली भरून माझ्या हातात दिली.

"फेका. जेवढं लांब जाईल तेवढं."

मी सवयीने अंग ताठ ठेवलं आणि नुसते हात झटकले. सगळं पाणी माझ्या पँटवर!

"आता मागच्या पायावर वळा. कंबर आधी जाऊ दे. हात मागेच राहू देत, ते आपोआप ओढले जातील."

वळलो. पाणी असं गेलं, असं गेलं, की पलीकडे पळणाऱ्या दोन मुली भिजल्या! मी रिकामी बादली धरून तसाच उभा. एवढा जोर माझ्या या अंगात होता? मग माझ्या पोरीच्या अंगात किती असेल? आणि तो मी इतके दिवस बांधून ठेवला होता. "स्थिर, स्थिर" म्हणत.

रविवारी निघताना सई म्हणाली, "बाबा, ये तू. फक्त जाळीमागे उभा राहू नकोस."

मी फाटकाबाहेर स्कूटरींच्या रांगेत, मैदानाकडे पाठ करून उभा राहिलो. माधवी आत होती. सईचं नाव पुकारलं आणि दोन वेळा बॅट नुसती हवेत फिरल्याचा सुस्कारा ऐकू आला. अंगात मुरलेली सवय, एका दिवसात थोडीच जाते? आणि मग असा टणकन आवाज आला म्हणता! पाठोपाठ मुलींचा ओरडा, "गेला, गेला!" मी वळलो नाही. कंपाउंडच्या भिंतीवरची कसलीशी क्लासची जाहिरात वाचत राहिलो. अक्षरं काही दिसत नव्हती, ते सोडा.

निवड झाली. पण राखीव म्हणून. मॅडम स्पष्टच बोलल्या, "थोडी आधी मोकळी झाली असती तर पहिल्या नऊ जणींत असती." सई म्हणाली, "पुढच्या वर्षी, मॅडम." मला मात्र ते लागलं. अजून लागतं.

मी हात जोडले. "मॅडम, चूक माझी. क्रिकेटवाला माणूस मी. इतकी वर्षं खेळलोय, सवय जात नाही."

मॅडमनी सहज विचारलं, "हो? कितव्या नंबरला जायचात बॅटिंगला?"

सई बघायला लागली. माधवीही बघायला लागली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे तिनेही मला कधी विचारलं नव्हतं.

"अकराव्या," मी म्हणालो.