एकाच चिऱ्यावरच्या दोन उत्तरपत्रिका

ऑनलाइनच्या काळात मुलांची गुणवत्ता घसरली, असं आमच्या स्टाफरूममध्ये अजून बोललं जातं. मी आजवर गप्प मान हलवत आलो. आता नाही हलवणार. निदान एका मुलीची गुणवत्ता मी माझ्या हाताने खाली ओढली.

टाळेबंदीत मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. माझं घर धारगळला, हायवेला लागून. मोबाईलला रेंज कायम भरपूर. शेवटच्या सत्राचा पेपर मुलांनी घरीच लिहायचा आणि पानांचे फोटो काढून पाठवायचे. इब्रामपूरच्या एका मुलाचे आणि एका मुलीचे पेपर एकाच नंबरवरून आले. दोन्ही फोटोंत पानाखाली तोच तांबडा चिरा, त्याची तीच तुटकी कड. एकत्र बसून लिहिलंय, असं मी ठरवलं. दोघांपुढे ‘कॉपी’ लिहिलं, शून्य दिलं. उत्तरं वाचली नाहीत. एक ओळही नाही. ढीग मोठा होता, डोळे दुखत होते. कारणं खरी आहेत, पण ती माझ्यापाशीच राहू देत.

मुलाने पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला. मुलीने भरला नाही. तिला बी.एड.ला जायचं होतं, तरी नाही. ती आईला घेऊन थेट माझ्या दारात आली. आईला बसा म्हटलं, ती बसली नाही.

“सर, तुमी धारगळचे न्हय? इब्रामपूर काय विलायतेत आसा? एक दीस येवन बगा.”

मुलीने एवढंच विचारलं, “माझो पेपर तुमी वाचलो?”

“बघतो,” मी म्हणालो. आम्ही मास्तर ‘बघतो’ म्हणतो तेव्हा काय होतं, ते दोघींना ठाऊक असावं. हसल्याही नाहीत.

रविवारी गेलो. गावावरच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, कडेला, जुन्या खाणीतला एक सपाट चिरा पडलेला. गावात रेंज तेवढ्याच जागी, तीही राज्याच्या हद्दीपलीकडच्या टॉवरची. छत्र्या घेऊन चार मुलं नंबर लावून उभी होती. फोन चौघांत एक. घरी पेपर लिहायचा, धावत वर यायचं, चिऱ्यावर पान पसरून फोटो काढायचा.

“सर, चिऱ्यार बसात,” एकजण म्हणाला. “तुमचो वर्ग हांगाच भरता.”

घरी येऊन दोन्ही पेपर उघडले. आमच्या राज्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला, त्यावरचा प्रश्न मुलाने तारीख देऊन दोन ओळींत उरकला होता. मुलीने दीड पान लिहिलं होतं: राज्य आपलं झालं, भाषेला मान मिळाला, पण आमच्या वाड्याचा बाजार हद्दीपलीकडच्या दोडामार्गाचाच राहिला, यंदा हद्द बंद झाली तेव्हा राज्य म्हणजे काय ते आम्हाला समजलं. तो धडा मी बावीस वर्षं शिकवतोय. हे वाक्य माझ्या नोट्समध्ये नाही.

प्राचार्यांना पत्र दिलं: पेपर न वाचता शून्य दिलं, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

“नजरचुकीने झालं असं लिहा ना,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या सोयीचं.”

“चुकून नाही झालं. वाचायचा कंटाळा केला. तेच राहू दे.”

चौकशी बसली. परीक्षेचं काम माझ्याकडून काढून घेतलं. काढा म्हटलं. दोन्ही पेपर पास ठरले, मुलीला चांगले गुण मिळाले. तोवर बी.एड.चे प्रवेश संपले होते.

गुणपत्रिका न्यायला ती ऑफिसात आली. मी म्हटलं, “पुढच्या वर्षासाठी कुठे शब्द टाकू का?”

“उपकार नाका, सर. तुमी कॉपी म्हणून बरयलें, तें गावांत सगळ्यांक खबर आसा. वाचूंक नासलें म्हणून जें बरयलां, तें पत्र म्हाका जाय.” प्राचार्यांना लिहिलेलं, चौकशीत तिच्या कानावर आलेलं माझं पत्र तिला हवं होतं.

क्लार्क मध्येच म्हणाला, “ऑफिसचा कागद बाहेर देता येत नाही.”

“मग कोरा दे,” मी त्याला म्हणालो.

काउंटरवर उभ्यानेच पुन्हा लिहिलं: या विद्यार्थिनीने कॉपी केली नव्हती, मी तिचा पेपर वाचलाच नव्हता. खाली सही केली, हुद्दा घातला. तिने तो कागद माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचला, आणि परत पुढे सरकवला.

“हांगा माझें नांव खंय आसा?”

मी लिहिलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. क्लार्कच्या देखत.