थर्ड म्हणजे तिसरा

मी तिसगावजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. पाचवीच्या वर्गाला दरवर्षी सांगतो, की वनपासून फर्स्ट होत नाही, जसं आपल्या एकपासून पहिला होत नाही. फर्स्ट म्हणजे सगळ्यांच्या पुढचा. सेकंड लॅटिनमधून आला, त्याचा मूळ अर्थ मागून येणारा. थर्ड मात्र थ्रीचाच. आधी थ्रिड म्हणत, बोलता बोलता अक्षरांची अदलाबदल झाली. मुलं यातलं एवढंच धरून ठेवतात, की फर्स्ट मोठा आणि थर्ड त्याच्या खालचा.

गेल्या हंगामात माझा थोरला भाऊ साखर कारखान्यात बॉयलरपाशी काम करताना भाजला. आगीचा लोट एकदम बाहेर आला. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थर्ड डिग्री आहे. अंगाचा बराच भाग गेलाय."

बाहेर आल्यावर वहिनीनं मला विचारलं, "भावजी, थर्ड म्हंजे तिसरा ना? मग फर्स्टपेक्षा कमीच भाजलं आसंल."

भाजण्यात हा क्रम उलटा असतो. फर्स्टमध्ये कातडी नुसती लाल होते, थर्डमध्ये ती पार जळून जाते. मला हे माहीत होतं. तरी मी म्हणालो, "व्हय, कमीच."

भाऊही म्हणाला, "लई दुखत न्हाई." दुखणं कळवणाऱ्या नसाच जळाल्यात, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वहिनीला तेही मी सांगितलं नाही.

पुतणी जामखेडला कॉलेजात होती, तिची परीक्षा चालू होती. वहिनीनं तिला माझ्यासमोर फोन लावला. "पेपर दे, यायची घाई करू नको. काका म्हणले, कमीच हाय." मी शेजारी उभा होतो. फोन हातात घेतला नाही.

चौथ्या दिवशी भाऊ गेला. पुतणी आली तेव्हा त्याचा चेहराही पट्ट्यांखाली होता.

दहाव्याला वहिनीनं विचारलं, "तुमाला ठावं हुतं ना?"

"व्हय."

"मग?"

तुम्हाला दोन दिवस धीर राहावा म्हणून, असं म्हणणार होतो. पण ते खरं नव्हतं. माझी सांगायची छाती झाली नाही, इतकंच. वहिनी उठून आत गेली.

पुतणी पास झाली. हे मला गावातल्या दुकानदाराकडून समजलं.