घानाच्या बाईंचा रविवार

दुबईच्या जबल अली बंदरात कंटेनर अडवणारे पुष्कळ आहेत, पण कोरडं कोपर घेऊन चाललेल्या माणसाला अडवणारी बाई साऱ्या आखातात एकच आहे आणि ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. बाई घानाच्या. वय एकसष्ट, आणि ते त्या कुणी न विचारता सांगतात. सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणण्याआधी त्यांची नजर समोरच्याच्या कोपरावर जाते. राख फासल्यासारखं दिसलं की ड्रॉवर उघडतो, दूध पावडरच्या जुन्या डब्यातून शिया बटरचा, म्हणजे त्यांच्याकडच्या एका झाडाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याचा, सुपारीएवढा गोळा निघतो आणि "एसी माणसाचं तेल पितो, हबीबी," असं बजावत तो कोपरावर चोळला जातो. आमच्या मॅनेजरलाही यातून सूट नाही. एकदा ते क्लायंटशी फोनवर बोलत होते. बाईंनी वाट पाहिली नाही. मोकळा हात धरला आणि काम उरकलं.

एकदा मॉलमध्ये क्रीम विकणाऱ्या मुलीने त्यांना थांबवलं आणि दहा दिवसांत रंग उजळेल, सुरकुत्याही जातील अशी हमी दिली. बाईंनी खुर्ची मागवली, ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "बेटी, हा चेहरा करायला मला एकसष्ट वर्षं लागली. तू दहा दिवसांत पुसणार?" मग त्या मुलीचाच, उन्हाचं क्रीम मानेवर आणि कानामागे कसं लावायचं याचा अर्धा तास वर्ग घेतला. "काळ्या कातडीला लागत नाही म्हणून कोण म्हणतं? ऊन पासपोर्ट बघत नाही." माझीही सुटका नव्हतीच. मी दर तिसऱ्या आठवड्याला केस रंगवायचे. टाळूला खाज सुटायची, तरी रंगवायचे. माझ्या डोक्यावरच्या स्कार्फकडे बघून त्यांनी विचारलं, "सिस्टर, हे रंगवलेले केस बघतं कोण?"

"मीच."

"आणि तुला पांढरे दिसले तर काय होईल?"

मी त्यांना फाइल दिली आणि विषय बदलला.

रविवार त्यांच्या केसांचा. त्या दिवशी फोन बंद, दार बंद. खोर फक्कानच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या ऑफिस पिकनिकला त्या स्वतःची साटीनची उशी घेऊन आल्या होत्या; बसमध्ये डुलकी लागली तर सीटच्या कापडाला घासून केस तुटतात म्हणून. आम्ही हसलो खरे, पण त्यामागे कारण होतं. तीस वर्षं त्यांनी नोकरीसाठी केस केमिकलने सरळ ठेवले. पन्नाशीला ते सगळे कापले आणि मुळातून स्वतःचे, घट्ट कुरळे, काळेपांढरे केस वाढवले. "हे माझे पहिले केस," असं त्या सांगतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना, वेण्या घालता येईनात. दोन आठवडे त्या डोकं कापडात बांधून आल्या. पार्लरवालीने सांगितलं, फार गुंता झालाय. कापा, नाहीतर पुन्हा सरळ करा. तिसऱ्या सोमवारी माझी कोपरं पांढरीफटक पडली होती आणि बाई काहीच बोलल्या नाहीत. शेवटी मीच केसांचं विचारलं.

"शनिवारी कापून टाकते," त्या म्हणाल्या. "खलास."

"शनिवारी काही करू नका. रविवारी मी येते."

घरी मुलगी म्हणाली, "मम्मी, यू डोन्ट नो हर हेअर." खरंच होतं. मी खोबरेल तेल, बारीक दातांची फणी आणि मुलीला शाळेची सगळी वर्षं घातलेल्या वेण्यांचा अनुभव घेऊन गेले. आपल्याकडे फणी टाळूवर टेकवायची आणि खाली ओढायची. मी टेकवली, ओढली. फणीचे दोन दात तिथेच राहिले आणि बाई खुर्चीतून उठल्या.

"एई! सिस्टर, गवत उपटतेस का?"

मी शरमून पर्स उचलली. त्यांनी ती डाव्या हाताने काढून घेतली. "बस. तुला याद्या आवडतात ना? लिही."

मी लिहिलं. कोरड्या केसाला हात लावायचा नाही. आधी पाणी, मग कंडिशनर, मग बोटं. फणी सर्वांत शेवटी, तीही रुंद दातांची. सुरुवात टोकापासून, चढत चढत मुळाकडे. पांढरा केस जास्त तहानलेला, त्याला लोणी जास्त. म्हणजे आजवर मी जे शिकले होते ते सगळं उलट. चार तास लागले, पण गुंता सुटला आणि एकही बट कापावी लागली नाही. मानेच्या वर आले तेव्हा मात्र माझे हात थांबले.

"काय झालं?"

"मागे पांढरं झालंय."

"किती?"

"सगळंच."

त्यांना ते ठाऊक नव्हतं. आपल्या डोक्याची मागची बाजू आपण कुठे बघतो? त्यांनी डावा हात मागे नेऊन मानेवरचे केस चाचपले. मग म्हणाल्या, "माझ्या आईचंही तिथूनच सुरू झालं होतं." आणि हसल्या. "फोटो काढ. बहिणीला पाठवते. जळेल ती!"

निघताना त्यांनी मला स्कार्फ सोडायला लावला आणि माझ्या टाळूवरच्या लाल चट्ट्यांना लोणी लावलं. माझ्या डोक्याला असा कुणाचा हात लागून कितीतरी वर्षं झाली होती. त्यानंतर मी रंग लावलेला नाही. खाज गेली. कपाळावर एक रुंद पांढरी बट आली आहे. सकाळी आरशात ती दिसते आणि काहीही होत नाही. एवढी साधी गोष्ट मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

आता दर रविवारी दहा वाजता मी त्यांच्या घरी असते. पुढच्या वर्षी त्या नोकरी सोडून कायमच्या घानाला जाणार आहेत. त्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. खांद्याचे व्यायाम चालू आहेत. गेल्या मंगळवारी मी प्रिंटरपाशी उभी होते. बाईंनी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरची फाइल उजव्या हाताने सहज काढली. वळल्या, मला पाहिलं आणि हात हळूच खाली घेतला.

रविवारी मी गेले तेव्हा त्या टॉवेल घेऊन स्टुलावर बसल्याच होत्या.

"खांदा कसा आहे?" मी विचारलं.

"दुखतो अजून."

"बरं," मी म्हटलं, आणि त्यांचं डोकं हलकेच पुढे झुकवलं.