वयात न आलेले भिकूतात्या

सुपारीच्या वाडीत सकाळी लख्ख झाडून काढा, दुपारी पुन्हा वाळलेल्या झावळ्या पडलेल्या! आमच्या किनाऱ्यावर जमिनीचे किस्से असेच पडत राहतात. मी उभी हयात या जिल्ह्यात वार्ताहर म्हणून काढली. त्यातली निम्मी तर तहसील कचेरीसमोरच्या टपरीच्या बाकड्यावरच गेली. तिथं ऐकलेलं लिहून पाठवलं की संपादक विचारायचे, "यात बातमी काय?" आता पेपर सुटला, संपादकही सुटले. आता मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार!

बाकड्यावरची कायमची गिऱ्हाईकं आम्ही तिघं. मी, इब्राहिमचाचा आणि भिकूतात्या. चाचांची खाडीकाठी भातशेती. तात्यांची दिवेआगरच्या अलीकडे नारळी-पोफळीची वाडी. वय ऐंशीच्या घरात, आवाज लाँचच्या भोंग्यासारखा. तात्यांचे वडील खोताचे कूळ होते, म्हणजे वाडी खोताची आणि घाम यांचा. पुढं कुळांना मालकी देणारा कायदा आला आणि वाडी यांच्या घरात आली.

तात्यांचं आता एकच काम राहिलं होतं. डोळे मिटायच्या आत वाडी मुलीच्या, सुलभाच्या, नावावर करायची. जूनमधल्या त्या वादळात अख्खी वाडी आडवी झाली, तेव्हा बोरिवलीचे पुतणे व्हॉट्सॲपवर रडके चेहरे पाठवून मोकळे झाले. सुलभा मात्र पुण्याची नोकरी सोडून आली. बापाबरोबर चिखलात उभी राहून तिनं रोपं लावली, पडक्या घराचं होमस्टे केलं.

"मी गेलो का पुतने एजंटाला घिऊन दहाव्याला येतील," तात्या म्हणायचे. "कावल्याच्या आधी!"

एवढ्या साध्या कामासाठी तात्या एकदा कचेरीत आले आणि आमच्या बाकड्यावरचेच होऊन गेले.

*

बाकड्यावर बसलं की पहिले दिसतात ते मुंबईचे शेतकरी. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर जमीन घ्यायला येणारा प्रत्येक जण कुठून तरी शेतकरी होऊन येतो.

असेच एक गृहस्थ आले. पांढरे बूट, गाडीत कुत्रा, कुत्र्याला वेगळा पंखा. दाखला कुठल्या तरी लांबच्या तालुक्यातला. अव्वल कारकुनाला संशय आला. त्यानं सरळ विचारलं, "तुमच्या शेतात काय पिकतं?"

"ऑरगॅनिक," गृहस्थ म्हणाले.

"ते पेरता कधी?"

"वीकेंडला!"

इकडे पिढ्यान्‌पिढ्या माती तुडवलेल्या तात्यांचा कागद अडलेला, आणि या ऑरगॅनिकवाल्याचं काम त्याच आठवड्यात फत्ते! मी कारकुनाशी कडाकडा भांडलो. तो म्हणाला, "साहेब, मी त्याला आणखी काही विचारलं असतं तर त्यानं मलाच शेतकरी करून टाकलं असतं."

*

इब्राहिमचाचांची गंमत वेगळी. त्यांच्या एका शेताचा बांध भरतीनं फुटला आणि शेत खाडीत गेलं. तिथं आता भरतीला मचवा चालतो. पण सातबाऱ्यावर शेत आहे तस्सं! सारा भरायचा, पीकपाहणी करायची. ती आता मोबाइलवर. ॲप म्हणतं, शेतात उभे राहा आणि फोटो काढा. चाचा काठावर उभे राहिले की ॲप सांगायचं, 'आपण शेताच्या हद्दीबाहेर आहात.'

शेवटी चाचा पुतण्याची होडी घेऊन भर भरतीला आपल्या शेतात गेले. मधोमध होडी थांबवली. ॲप एकदम खूश! पिकांच्या यादीत बोईट मासा नव्हता, म्हणून चाचांनी भात निवडला. पाण्याची सोय? त्यांनी इमानदारीनं लिहिलं, 'मुबलक.' फोटो काढला, पाठवला.

माहिती मंजूर होऊन आली!

"माशाल्ला," चाचा बाकड्यावर मोबाइल दाखवत म्हणाले, "बुडल्यापासून पहिल्यांदा सरकारला माझं शेत पसंत पडलं!"

*

आमच्या किनाऱ्यावर सिद्दी येऊन गेले, पेशवे येऊन गेले, इंग्रज येऊन गेले. सगळ्यांनी सारा घेतला आणि मध्ये खोत बसवला. राज्यं बदलली, खोत बसलेलेच! त्यांचा रुबाब गेला, पण हाक राहिली. तात्यांच्या जुन्या खोतांचा नातू ठाण्याला एका ऑफिसात आहे. गावात पाऊल ठेवलं की त्याला अजून 'खोत' म्हणतात. तोही त्या हाकेला सवयीनं मान डोलावतो.

एकदा तो बायकामुलांना घेऊन सुलभाच्या होमस्टेला उतरला. सुलभानं नियमाप्रमाणे आधार कार्ड मागितलं. खोतांचा चेहरा बदलला.

"माझ्याच वाडीत मी ओळख दाखवायची?"

तात्या झोपाळ्यावर बसले होते. जुन्या सवयीनं उठून उभेच राहिले. सुलभा मात्र उठली नाही.

"तुमच्या नाही काका, आमच्या वाडीत," ती म्हणाली. "नाश्त्याला घावणे की पोहे? आणि चेकआऊट दहाला!"

खोत घावणे खाऊन गेले. पण ते गेल्यावर तात्या बाकड्यावर येऊन मला हळूच म्हणाले, "पोरगी 'आमची' म्हनली. कागुद तसा म्हनंल तवा खरं."

*

कागद करायचा तर आधी मोजणी. भूमापक आला तो नवं यंत्र घेऊन. काठीवर टोपी बसवल्यासारखं ते यंत्र आकाशातल्या उपग्रहाशी बोलतं म्हणे. दिवसभर त्यानं ते वाडीवाडीतून फिरवलं आणि संध्याकाळी नकाशा उलगडला.

तात्यांचं घर शेजारच्या मोकलांच्या वाडीत निघालं. मोकलांची विहीर रस्त्यात. रस्ता शाळेत. शाळा देवळात. आणि देऊळ समुद्रात!

गाव जमा झालं. शंभर तोंडं एकदम सुटली. मी विचारलं, "चूक जुन्या नकाशाची, नव्या यंत्राची, की गावाची?"

भूमापक पोरगेलासा होता. त्यानं घाम पुसला, पुन्हा नकाशा बघितला आणि अगदी मनापासून तोडगा सुचवला.

"असं करता येईल का? सगळ्यांनी एकेक घर पूर्वेला सरकायचं!"

मोकलांची म्हातारी तिथल्या तिथं म्हणाली, "मी सरकते, पन माजी इहीर उचलून दे!"

शेवटी भूमापकानं 'जागेवर पाहता ताबा जुनाच' असा शेरा मारला आणि यंत्र घेऊन पळाला. तात्यांचं निदान घर तरी जागेवर राहिलं.

*

मग सातबाऱ्याचा उतारा. तलाठ्याच्या पदाचं नाव सरकारनं आता बदललंय, पण गाव त्याला भाऊसाहेबच म्हणतं. भाऊसाहेबांनी उतारा काढला. तात्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला.

"यात मालक म्हनून मी कुठं हाय?"

"तात्या, सातबाऱ्यावर मालक असा शब्द नसतो. भोगवटादार असतो."

तात्या जरा विचारात पडले. मग मान हलवत म्हणाले, "व्हय, बरोबर लिवलंय. भोगतोय तर हायच!"

हसून झाल्यावर भाऊसाहेबांनी पुढचा शब्द वाचला आणि ते अडखळले. तात्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'अज्ञान.'

तात्या भडकले. "मला अज्ञान म्हनतोस? तुज्या बापाला पोवायला कुनी शिकवलं?"

"तात्या, तसं नाही. अज्ञान म्हणजे वयानं लहान. सज्ञान न झालेला."

"म्हंजे पोर? मी? मग ह्यो तर जास्तच अपमान झाला!"

भानगड अशी होती. तात्यांचे वडील लवकर गेले. थोरला भाऊ तेव्हा मुंबईत, म्हणून वाडी लागली ती लहानग्या भिकूच्या नावावर, आणि पोर लहान म्हणून पुढं लिहिलं गेलं, 'पालनकर्ती आई द्वारकाबाई.' तो शेरा नंतर कुणी काढलाच नाही. पोर मोठं झालं, म्हातारं झालं, कवळी बसवली, पण सरकारदरबारी अजून खेळण्याच्या वयाचं! आणि अज्ञान मुलाला वाडी कुणाला देता येत नाही. द्यायची तर पालनकर्तीची सही हवी.

"मग पालनकर्तीला घेऊन या," भाऊसाहेब सवयीनं बोलून गेले.

मी टेबलावर हात आपटला. "अहो, त्या गेल्या तेव्हा तुमचा जन्म झाला नव्हता!"

मी याची बातमी दिली. या वेळी ती छापून आली. आणि तिच्यावर कचेरीचा खुलासाही आला. तो मी आजवर वाचलेल्या सरकारी मराठीतला सर्वोत्तम आहे. 'सदर खातेदार वयात आल्याचे त्यांनी या कार्यालयास वेळेत कळविलेले नाही.'

चाचा महिनाभर तात्यांना बघितलं की विचारायचे, "क्या भिकूमियाँ, मिसरूड फुटलं का?"

*

बातमीनंतर कचेरी हलली. अज्ञान हा शेरा कमी करायचा हुकूम निघाला. कुणीतरी संगणकावर बसून तो कमीही केला. तात्या पेढे घेऊन बाकड्यावर आले. सुलभा नवा उतारा आणायला आत गेली. बाहेर आली ती पायरीवरच थांबली.

"काय गं?" मी विचारलं.

तिनं उतारा माझ्या हातात दिला. 'अज्ञान' कमी करताना त्या शब्दाबरोबर अज्ञान माणूसही कमी झाला होता. भिकूतात्यांचं नावच नाही! उरली होती फक्त पालनकर्ती. वाडीची एकमेव भोगवटादार, कैलासवासी द्वारकाबाई!

मी तिरीमिरीत आत घुसलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाऊसाहेब बिचारे म्हणाले, "रागावू नका, सोप्पं आहे. आईच्या नावावर जमीन, मुलगा वारस. वारस म्हणून तात्यांचं नाव लावू, मग ते देतील मुलीला. फक्त आईच्या मृत्यूचा दाखला द्या."

जुना दाखला सुलभानं त्याच दुपारी घरून शोधून आणला. भाऊसाहेबांनी तो वाचला, उतारा वाचला, पुन्हा दाखला वाचला.

"अडचण आहे," ते म्हणाले. "या बाई वारल्या केव्हाच. मालक झाल्या या आठवड्यात."

"मग?"

"मालक झाल्यानंतर त्या वारल्याचा दाखला लागेल."

बाकड्यावर त्या दिवशी कुणी चहा मागवला नाही. पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला राहिला. तात्या म्हणाले, "पुतन्यांना हे कलंल तर ते आजीचे नातू म्हनून हुबे ऱ्हातील. सुलू, तू लावलेली रोपं त्यांची व्हतील गं." सुलभानं बापाच्या खांद्यावरचा पंचा सारखा केला.

*

प्रकरण सर्कलसाहेबांपुढं, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांपुढं, सुनावणीला गेलं. साहेब नवे होते, परीक्षा देऊन आलेले, नियमाच्या बाहेर एक अक्षर नाही. नियम असा की जिच्या नावावर जमीन तिला नोटीस. कोतवालानं येऊन द्वारकाबाईंची नोटीस तात्यांच्या दाराला डकवली. हरकत घ्यायची मुदत गेली. पुतणे फिरकले नाहीत, त्यांना पत्ताच नव्हता.

सुनावणीच्या दिवशी व्हरांडा गच्च भरला होता. कोतवालानं दारात येऊन खणखणीत पुकारा केला.

"द्वारकाबाई हजर आहेत काऽऽऽ?"

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मागच्या एका बाईनं तर सरकून वाट करून दिली! कोतवालानं नियमाप्रमाणे पुन्हा पुकारलं, मग पुन्हा. कुणी आलं नाही.

"खातेदार गैरहजर," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे त्यांची हरकत नाही, असं समजायचं."

"थांबा!" तात्यांचा भोंगा वाजला. "तिला न इचारता लिवू नगा. जित्तेपनी तिला कुनी इचारलं न्हाय. खोतानं न्हाय, सरकारनं न्हाय, माज्या बापानं न्हाय. आता तिच्या नावावर हाय ना वाडी? मग इचारायला पायजे!"

मला वाटलं, आता साहेब बाहेर काढणार. साहेबांनी समोरचा नियम बघितला, तात्यांकडे बघितलं.

"विचारा," ते म्हणाले.

तात्या बाहेर गेले. आवारातल्या बकुळीखाली उभे राहिले, टोपी काढली आणि बोलायला लागले. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. मध्येच ते काहीतरी पटवून देत होते, हातवारे करत होते. एकदा मान खाली घालून नुसतेच ऐकत राहिले. मग टोपी घालून आत आले.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारलं.

"माज्या नावावर नगो म्हनली. भिक्याला काय कलतंय, म्हनली. येकदम नातीच्या नावावर करा म्हनली."

सुलभानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. आजवर मी या कचेरीतल्या एकूण एक साहेबाशी भांडलोय. याच्याशीही भांडायचं म्हणून मी अर्धा उठलो होतो.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"नातीचं पूर्ण नाव सांगा."