दुकान बंद करताना विचारू नये

"कायमचं म्हणजे किती दिवसांचं?"

"कायमचं म्हणजे कायमचं, आत्या!"

"कालचंही कायमचंच होतं. परवाचं तर म्हणे पक्कं कायमचं होतं."

"काल मी वेगळ्या पद्धतीने केलं होतं."

"आणि ते वेगळ्या पद्धतीने गेलं. ये, बघ तुझं कायमचं."

मी पडद्याकडे बघितलं. आत्याने 'अर्जदार यांचे म्हणणे असे की' एवढं टाइप केलं होतं. उमटली होती इंग्रजी अक्षरांची एक ओळ, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी. बाकावर बसलेल्या वकिलांनी मान वाकडी करून ती वाचायचा प्रयत्न केला आणि मग घड्याळाकडे बघितलं.

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

"रोजची," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. कचेरीमागच्या गल्लीत तिचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. त्यात एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि दाराला अडसर म्हणून ठेवलेला तिचा जुना टाइपरायटर. आतोबा होते तेव्हा ते रोज त्याला तेल घालायचे. आता तो नुसता दार धरून उभा असतो. आत्या लग्नाआधीपासून टाइप करते आहे आणि टाइप करताना ती कीबोर्डकडे बघत नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते. त्यामुळे तिच्यासमोर कुणी फार वेळ खोटं सांगू शकत नाही. एका जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज तिने "नीट विचार करून या, माझी शाई वाया जाते" म्हणून तीनदा परत पाठवला होता. पुढे ते दोघं भाडेकराराला आले, एकत्र राहायला. आत्याने त्यांना विचारलंसुद्धा नाही, सरळ घरमालकाचं नाव टाइप करायला घेतलं.

तर तिचा जुना कॉम्प्युटर पार थकला. चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की आत्या तोवर खोली झाडून घ्यायची. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सांगितलं, फेकून द्या. आणि नेमकी मी तिथे होते.

"फेकायचं कशाला? मी त्याच्यावर हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देते," मी म्हणाले.

माझी पात्रता सांगते. नाट्यशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात प्रकाशयोजनेचा लॅपटॉप माझ्याकडे होता. तेवढ्यावर घरात मी कॉम्प्युटरवाली झाले. त्याच लॅपटॉपने भर प्रयोगात खुनाच्या प्रसंगाला बागेतली कोवळी सकाळ लावली होती, हा तपशील घरी पोचला नव्हता.

हलकी सिस्टीम मात्र खरंच हलकी निघाली. कॉम्प्युटर पोरासारखा टुणकन उठायला लागला. आत्या झाडू हातात घेऊन बघतच राहिली. अडलं एका गोष्टीवर. आत्याच्या बोटांना जुन्या टाइपरायटरची मांडणी पाठ. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, हे तिला नाही, तिच्या बोटांना माहीत. मी दुसरी, सोपी मांडणी शिक म्हटलं तर म्हणाली, "बोटांना या वयात घर बदलायला लावू नकोस." म्हणून मी तिची मांडणी शोधून बसवली. दिवसभर झकास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा इंग्रजी.

मी पुन्हा बसवली. पुन्हा गेली. मी चालू होतानाच आपोआप बसेल अशी आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवली. सकाळी मांडणीही गायब, फाइलही गायब. आत्या म्हणाली, "तुझी फाइल तुझ्या बापावर गेली आहे. काम दिसलं की नाहीशी." मी इंटरनेटवर अनोळखी माणसांना प्रश्न विचारले. त्यांनी मला उलट प्रश्न विचारले. मी त्यांची उत्तरं न देता त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. आणि रोज सकाळी दात घासत घासत गल्ली गाठायची, आत्याच्या यंत्राला मांडणी शिकवून द्यायची, "आता कायमचं" म्हणून निघायचं, आणि संध्याकाळी तालमीला पळायचं, हा माझा दिनक्रम झाला.

त्या सकाळी वकील गेल्यावर आत्याच्या मुलाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. आत्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, हात मोकळे लागतात म्हणून.

"आई, शनिवारी गाडी घेऊन येतो. तुझी खोली रंगवून झाली. दुकान आवर आता."

"गिऱ्हाइकं आहेत अजून."

"गिऱ्हाइकं आहेत, पण यंत्र चालतंय का? मामी सांगत होती, रोज सकाळी कुणीतरी येऊन चालू करून द्यावं लागतं म्हणे."

'कुणीतरी' तिथेच स्टुलावर बसून खाली बघत होती.

आत्याने फोन ठेवला. टेबलावरचा ओला स्पंज उगाच सरळ केला. मग म्हणाली, "खरं आहे त्याचं. लोकांना बसवून ठेवून मी तुझी वाट बघत बसते. हे असं मला नाही जमत. उद्या सकाळी हे धड उठलं तर उठलं. नाहीतर शनिवारी मी पोराकडे."

"आत्या, असं काय करतेस!"

"असंच करते."

तिचं दुकान गुडघेदुखीने बंद पडलं नव्हतं, आतोबा गेले तेव्हाही पडलं नव्हतं. ते आता माझ्या हाताने बंद पडणार होतं. आणि नातेवाइकांत ही गोष्ट कशी सांगितली जाईल, तेही मला ऐकू यायला लागलं: भाचीने मदत केली म्हणून.

मी तालमीला दांडी मारायचं ठरवलं. दिग्दर्शकाला फोन केला, आवाजात भरपूर खेद आणून म्हणाले, आज मला जमणार नाही. तो म्हणाला, "बरं. कोण बोलतंय?"

तर त्या दिवशी पहिल्यांदाच मी दुकान बंद होताना तिथे होते. आत्याने शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लावलं. कागद चौकोनी केले. कॉम्प्युटर बंद करायची कळ दाबली. पडद्यावर एक छोटी चौकट आली, तिच्यात काहीतरी प्रश्न. आत्याने त्या चौकटीकडे एक नजर टाकली, उशिरा आलेल्या माणसाकडे टाकते तशी, आणि हात लांब करून भिंतीवरचं बटण खाली केलं. खट्ट. पडदा काळा.

"आत्या!"

"काय गं? दचकवलंस."

"त्याने काहीतरी विचारलं!"

"विचारू दे. दुकान बंद झालं."

"रोज विचारतो?"

"रोज. चिवट आहे."

"आणि तू रोज बटण बंद करतेस?"

"मग काय करू? तुला माहीत नाही का, बंद करताना मी कुणालाच उत्तर देत नाही?"

माहीत होतं. सगळ्या घराला माहीत आहे. ऐन तरुणपणी ती दुकानाचं दार लावत असताना एका घरमालकाने तिला विचारलं होतं, "बाई, एकच शब्द बदलता का?" त्या एका शब्दाचा अख्खा नवा करार झाला, आणि आत्या माझ्या आईबाबांच्या लग्नाला पोचली तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. फोटोत ती कुठेच नाही. तेव्हापासून तिचा नियम: दुकान बंद करताना जो विचारेल त्याला उद्या. वकील असो, नवरा असो.

मी बटण पुन्हा वर केलं, कॉम्प्युटर चालू केला, आणि या सिस्टीमचं माहितीपान मोबाइलवर उघडलं. पहिल्याच परिच्छेदात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही सिस्टीम सगळा पसारा तात्पुरत्या आठवणीत मांडते, आणि बंद करताना 'सेव्ह करू का' असं विचारते. हो म्हटलं तरच ते सगळं डिस्कवर जातं. मी वाचायला तिसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली होती. पहिले दोन प्रस्तावनेचे असतात, असा माझा समज.

"म्हणजे तो रोज विचारत होता की हे लक्षात ठेवू का?" आत्या म्हणाली.

"हो."

"आणि मी रोज नाही म्हणत होते?"

"तू काहीच म्हणत नव्हतीस. तोंडावर दार लावत होतीस. पण तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार कधी? तू आलीस की बोलत असतेस."

मी मांडणी बसवली. बंद करायची कळ दाबली. चौकट आली. आत्या हाताची घडी घालून उभी.

"दाब आता. 'सेव्ह'वर."

"तू दाब."

"रोज तुलाच दाबायचं आहे, आत्या. मी रोज नाही येणार."

"एकदा उत्तर दिलं की सवय लागते त्यांना."

"तो घरमालक नाहीये!"

चौकट वाट बघत होती. आत्याने भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं, शनिवारचं काहीतरी पुटपुटली, आणि मग शिंक आल्यासारखं पटकन माउसचं बटण दाबलं. बराच वेळ काहीतरी घरघरलं आणि पडदा आपणहून काळा झाला. आत्या म्हणाली, "सभ्य आहे तसा."

सकाळी मी दात घासून, तोंड धुऊन, माणसासारखी गेले. दार उघडं होतं. बाकावर वकील होते आणि आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत कीबोर्ड बडवत होती. पडद्यावर आपली अक्षरं शिस्तीत चालली होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी दारात थोडी रेंगाळले, कुणी कौतुक करेल म्हणून. शेवटी वकील म्हणाले, "बाई, उजेड अडतोय."

दुपारी दादाचा फोन आला. आत्या म्हणाली, "कामात आहे," आणि बंद केला.

संध्याकाळी मी पुन्हा गेले. तालमीत माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. आत्याने कागद चौकोनी केले, कळ दाबली, चौकट आली. "ठेव रे बाबा लक्षात," म्हणत तिने 'सेव्ह' दाबलं, पडदा काळा होईपर्यंत थांबली, मग भिंतीवरचं बटण खाली केलं आणि पडद्यावर उशीचा जुना अभ्रा चढवला.

"आत्या," मी म्हणाले, "दादाला काय सांगू? शनिवारी गाडी आणू दे का?"

तिने अभ्र्याची टोकं सारखी केली. पिशवी खांद्याला लावली, चपला सरकवल्या, दाराला अडसर म्हणून ठेवलेला टाइपरायटर पायाने आत ढकलला. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गल्लीत उतरून चालू लागली.