राजांची हाडं आणि आईची जागा

नववीच्या वर्गाला मी गेली एकवीस वर्षं फ्रेंच राज्यक्रांती शिकवते. बॅस्टिल पाडते, सोळाव्या लुईला गिलोटिनवर चढवते, नेपोलियनला सम्राट करते, तेवढ्यात घंटा होते. पॅरिस मात्र कधी पाहिलं नव्हतं. या मे महिन्यात जायचंच असं ठरवलं. खरं सांगायचं तर त्याचं कारण इतिहास नव्हता. मला घरात बसवत नव्हतं.

चर्चच्या ऑफिसातून निरोप आला होता. आमच्या सिमेटरीत जागा कमी, त्यामुळे काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. आता आईच्या कबरीची पाळी होती. अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात नावाच्या पाटीसह ठेवायच्या, की कोपऱ्यातल्या, अस्थींसाठीच बांधलेल्या कोरड्या सामायिक विहिरीत सगळ्या गावाबरोबर, हे जूनपर्यंत कळवायचं होतं. मला कोनाडाच हवा होता. पप्पा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. रोज संध्याकाळी कबरीपाशी बसायचे आणि मी विषय काढला की वाडीत पाणी सोडायला निघून जायचे.

मी एकटीचं तिकीट काढत होते, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पप्पा म्हणाले, "मी पन येतो." (पप्पा घरात कादोडी, म्हणजे आमची गावाकडची बोली बोलतात. वाचकांसाठी ती इथे सोपी करून लिहितेय.) गावाने परस्पर ठरवलं की आम्ही फ्रान्समधल्या लूर्ड या तीर्थस्थानी यात्रेला चाललोय. तीर्थ आणायला शेजारणींनी पाच बाटल्या आणून दिल्या. राजाचं मुंडकं उडवलं ती जागा बघायला आम्ही चाललोय, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

व्यवहाराचं आधी सांगते. व्हिसाची तयारी दोन महिने आधी सुरू करा. आमच्या गास गावाहून विमानतळाला निघताना हायवेचा भरवसा धरू नका, आम्ही पाच तास आधी निघालो आणि धावतच आत शिरलो. राहायला उत्तरेकडच्या मोठ्या रेल्वे स्टेशनाजवळची खोली घेतली. त्या भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांच्या खानावळी आहेत. भात आणि माशाचं कालवण पोटभर मिळतं. तिथला लांबलचक पाव मात्र पप्पांच्या कवळीला झेपला नाही. "ह्यो पाव हाय का बांबू?" म्हणाले आणि कॉफीत बुडवून खाल्ला.

पहिल्या दिवशी मी त्यांना अक्षरशः पळवलं. राणी मारी आंत्वानेतला ठेवलं तो तुरुंग, मग नदीकाठाने चालत राजाला मारलं तो चौक. चौकात मधोमध इजिप्तचा दगडी खांब, भोवती गाड्यांचा गरगराट. मी वर्गात बोलते तशी बोलत होते, हातवारे करून. पप्पा एका कठड्यावर टेकले. "तुला कोन मागं लागलंय का?" त्यांनी विचारलं. मला राग आला, कारण खरंच कोणीतरी मागे लागल्यासारखं वाटत होतं. नकाशा उघडून मी पुढचं ठिकाण शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी तेरा नंबरच्या मेट्रोने सेंट डेनिसला गेलो. इथे फ्रान्सच्या राजांना पुरायचे. चर्चबाहेर आठवड्याचा बाजार भरला होता. कोथिंबिरीच्या जुड्या बघून पप्पा खुलले. दर विचारायची फार इच्छा होती, पण भाषा येईना. कबरींच्या भागाला तिकीट आहे, माणशी अकरा युरो. आत दगडाचे राजे-राण्या उताणे झोपलेत, पायाशी दगडाची कुत्री. तळघरात लुई आणि मारी आंत्वानेतच्या काळ्या शिळा आहेत, आणि पुढे एक बंदिस्त खोली. दाराशी दगडावर नावांच्या रांगाच्या रांगा.

हा किस्सा मी दरवर्षी सांगते. क्रांतिकारकांनी इथल्या कबरी फोडल्या, शेकडो वर्षांचे राजे बाहेर काढून खड्ड्यात लोटले, वर चुना टाकला. मुलं खिदळतात, मीही हसते. नेपोलियन गेल्यावर राजघराणं परतलं, खड्डे उकरले, पण तोवर हाडं मिसळून गेली होती. सगळी या एका खोलीत ठेवली. पप्पांना हे सांगताना मात्र मला हसू आलं नाही.

"आता कोनतं कोनाचं ते कलत नाय?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी टोपी काढली, खिशातली रोजरीची जपमाळ काढली आणि तिथेच उभं राहून प्रार्थना सुरू केली. मागे लोक खोळंबले. पहारेकरी बाई पुढे आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि लोकांना पलीकडून जायची खूण केली. मला मात्र उभं राहवेना. मी वर निघून गेले.

दुपारी नेपोलियनची समाधी. सोनेरी घुमट आणि खाली तांबूस दगडाची प्रचंड पेटी. आत एकात एक सहा शवपेट्या आहेत, असं मी सांगितलं.

"सा? मग शेवटच्या दिवशी भायेर कसा येनार?" पप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बायको कुठं त्याची?"

"दोन होत्या. एक पॅरिसच्या बाहेर पुरलीय, दुसरी व्हिएन्नाला."

बाहेर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "विहिरीतच ठेवू. तिकडं माझी आय हाय, तुझी आत्या हाय. मी पन तिकडंच जानार. कोनाड्यात एकटी काय करल ती?"

"आणि नाव? पाटी नको?"

"नाव मला पाठ हाय."

"आणि तुमच्यानंतर?" मी जवळजवळ ओरडलेच. शेजारचे पर्यटक वळून बघायला लागले. पप्पा टोपी घालून उठले आणि चालू लागले. परतीच्या प्रवासात आम्ही जेवण आणि पासपोर्ट सोडून काही बोललो नाही. शेजारणींच्या बाटल्या रिकाम्याच परत दिल्या, त्याची बोलणी मी एकटीने खाल्ली.

घरी आल्यापासून लोक विचारतात, पॅरिस कसं होतं? चांगलं आहे, जा. शूज जुने, सवयीचे घाला आणि सेंट डेनिसला अर्धा दिवस काढा. त्यापलीकडे काय सांगावं ते मला कळत नाही. क्रांतीचा तो किस्सा यंदा वर्गात कसा सांगणार, तेही कळत नाही.

शेवटी पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे मी चर्चला विहिरीचंच कळवलं, आणि गेल्या शनिवारी आईची कबर उघडली. फादरांनी प्रार्थना म्हटली. पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं पप्पांनी स्वतः उचललं आणि दोरीने अगदी हळू विहिरीत सोडलं. मग झाकण बसलं. इतकी वर्षं मला माहीत होतं, तिसरी रांग, भिंतीकडून पाचवी. आता मी विहिरीच्या या बाजूला उभी राहिले, मग त्या बाजूला, मग पुन्हा इकडे. कुठेच बरोबर वाटेना.

"किती फिरशील?" पप्पा म्हणाले. "कुठंपन उभी ऱ्हा. सगली आपलीच हायेत."